मोदी नंबरमधली नोंदवही

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच कोणी कोणाच्या घरी जात नाही. गेलाच तर घरात कोणीतरी आजारी असतं, नाहीतर पोलिसांचा विषय असतो. मी वकील; कोर्टाला सुट्टी, कूलरमध्ये नुकतंच पाणी भरलेलं, आणि अडीच वाजता दारावर थाप. बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबर म्हणतात त्या भागातल्या एका गल्लीत मोबाइल आणि गेमचे कन्सोल दुरुस्त करणारे भाऊ दारात उभे. डोक्याला दुपट्टा, हातात कापडी पिशवी. माझ्या मुलाचा कंट्रोलर त्यांनी एकेकाळी दोनदा नीट करून दिला होता, त्यामुळे ओळख जुनी.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून तीन वस्तू काढल्या. एक पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं जुनं यंत्र. बॅटरी फुगून त्याचं मागचं झाकण वर आलं होतं. एक स्टीलचा डबा, त्यात त्या यंत्राच्या नऊ डिस्क. आणि दुकानाचं बिलबुक.

"साहेब, कलमं-बिलमं मले नका सांगू. मी चोरी करून राहिलो का नाही, एवढंच सांगा."

एवढंच सांगायला मला तीन दिवस लागले. तो सगळा प्रकार इथे मांडतो. माणसं ओळखू येऊ नयेत इतके तपशील बदलले आहेत. कायद्याचा भाग जसाच्या तसा आहे.

मागणी काय होती

पीएसपी हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या पोराची. मुळात त्याच्या मोठ्या भावाची. तो मोठा भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना यंत्र, डबा आणि मेमरी स्टिक धाकट्याच्या हवाली करून गेला. या यंत्राचे गेम यूएमडी नावाच्या छोट्या चकतीवर येत. प्लास्टिकच्या कवचात बंद, जास्तीत जास्त १.८ जीबी मावणारी चकती. ती वाचणारी लेन्स मेली होती. पीएसपी जपानात २००४च्या डिसेंबरमध्ये आली आणि २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्यामुळे नवी लेन्स मिळायची आशा नाही. दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून काढलेली मिळते. ती वर्षभर चालेल की आठवडाभर, हे विकणारालाही ठाऊक नसतं.

पोराने दुकानात एका दमात सांगितलं होतं, "काका, ड्राइव्ह राहू द्या. कस्टम फर्मवेअर टाका, या नऊ डिस्कचे आयएसओ काढून स्टिकवर घाला, दादाचे सेव्ह जपा. अन् जागा उरली तर वीस-पंचवीस गेम टाकून द्या ना."

कस्टम फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या आतलं, कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर बदलून टाकलेलं, आणि आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत. भाऊंनी मान डोलावली आणि बिलबुकात लिहिलं: पीएसपी, सॉफ्टवेअर, ७०० रुपये. त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीत पोलिस आले आणि नकली मोबाइल कव्हरची खोकी उचलून घेऊन गेले. भाऊंच्या दुकानाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण कोणीतरी कानात सांगितलं की कॉपीराइटच्या भानगडीत आता एमपीडीए लागतो, म्हणजे खटल्याआधीच माणसाला स्थानबद्ध करणारा महाराष्ट्राचा कायदा. मग भाऊंना रात्री झोप येईना.

पोराच्या त्या एका वाक्यात चार वेगवेगळी कामं होती आणि बिलात त्यांचा एकच शब्द झाला होता, 'सॉफ्टवेअर'. माझ्या मते अर्धं प्रकरण तिथेच बिघडलं होतं.

सेव्हचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला. यंत्र संगणकाला जोडलं की सेव्हचा फोल्डर समोर दिसतो आणि उचलून ठेवता येतो. ती सोय कंपनीनेच दिलेली आहे. सेव्ह म्हणजे खेळणारा कुठवर पोचला याची नोंद. ती गेमची प्रत नव्हे. ते काम मी भाऊंना माझ्या टेबलावरच करायला लावलं, कारण बॅटरीची अवस्था बघून मला त्या यंत्राचाच भरवसा वाटेना.

प्रत कशावरून काढली

आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात संगणकाचा प्रोग्राम 'साहित्यकृती'त मोडतो. म्हणजे मोटारींच्या शर्यतीचा गेम आणि कादंबरी एकाच पंगतीला. झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघाने अजून याची दखल घेतलेली दिसत नाही, पण कायदा असाच आहे.

घरी वापरायला केलेली कॉपी चालते, असं बाजारात सर्रास म्हणतात. हे म्हणणं कलम ५२(१)(ए)वर बेतलेलं असतं. खासगी वापरासाठी रास्त उपयोग केला तर हक्कभंग होत नाही, असं ते कलम म्हणतं खरं, पण त्यातच लिहिलेलं आहे की ही सवलत संगणक प्रोग्रामला नाही. बहुतेक जण तिथेच चुकतात. गंमत अशी की प्रोग्रामसाठी त्याच कलमात पुढे वेगळी दारं ठेवलेली आहेत, आणि तिकडे फारसं कोणी फिरकत नाही.

पहिलं दार ५२(१)(एए), १९९४च्या दुरुस्तीतून आलेलं. प्रोग्रामची प्रत ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे, त्याला त्या प्रतीवरून बॅकअप काढता येतो. पण केवळ हरवणं, नष्ट होणं किंवा खराब होणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून, आणि मूळ प्रोग्राम ज्या कामासाठी दिला होता त्याच कामासाठी. दुसरं दार ५२(१)(एडी), १९९९च्या दुरुस्तीतलं. स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून, बिगरव्यापारी वैयक्तिक वापरासाठी, प्रत किंवा रूपांतर करता येतं. रूपांतर हा शब्द ध्यानात ठेवा, तो पुढे लागेल.

दोन्हीकडे अट तीच आहे: त्या प्रतीवरून. भाऊंनी इथे मला अडवलं.

"म्हणजे नेटवरून उतरवली तर नाही चालत? डिस्क तर त्या पोराजवळ हाय ना. फाइल बी तीच."

"फाइल तीच, पण आली कुठून? तहसीलीत सातबाऱ्याची नक्कल काढता तेव्हा ती रेकॉर्डवरून निघते. शेजाऱ्याने टाइप करून आणलेला कागद शब्दाला शब्द तसाच असला, तरी त्यावर तलाठी सही करेल का?"

हे त्यांना लगेच पटलं. सातबाऱ्याचा त्रास त्यांनी भोगलेला आहे.

मग एक अडचण आली, ती मला आधी सुचलीच नव्हती. ड्राइव्ह मेलेला, तर त्याच यंत्रातून डिस्कची प्रत निघणार कशी? कस्टम फर्मवेअर असलेल्या पीएसपीत यूएमडी घालून ती यूएसबीने संगणकाला जोडली की अख्खी डिस्क एका आयएसओ फाइलच्या रूपात दिसते आणि कॉपी करता येते. पण त्यासाठी ड्राइव्ह जिवंत लागतो. भाऊंच्या दुकानात दुसरी एक पीएसपी होती, त्यांची स्वतःची, जुन्या २००० मॉडेलची. डिस्क पोराच्या, यंत्र दुकानाचं. कायदा प्रत कशावरून काढली ते विचारतो, कोणत्या यंत्रात घालून काढली ते विचारत नाही. म्हणून हे चालावं, असं माझं मत झालं.

त्या २०००च्या पीएसपीची वेगळीच कहाणी. ती कधीकाळी पूर्ण मेली होती आणि भाऊंनी तिला 'पँडोरा' बॅटरीने उठवलं होतं. २००७मध्ये हौशी लोकांच्या लक्षात आलं की बॅटरीत साठवलेला अनुक्रमांक एका ठरावीक आकड्याला बदलला, की यंत्र सर्व्हिस सेंटरच्या मोडमध्ये सुरू होतं आणि थेट मेमरी स्टिकवरून चालू होतं. कारखान्याने दुरुस्तीसाठी ठेवलेली किल्ली बॅटरीत लपवलेली होती! ३०००च्या मॉडेलपर्यंत सोनीने ती वाट बंद केली. भाऊंनी ती बॅटरी अजून गल्ल्यात ठेवली आहे, लक्ष्मीपूजनाच्या नाण्यांशेजारी.

प्रत कोणी काढायची, हा पुढचा प्रश्न. कलमात 'कायदेशीर ताबा असलेल्याने' असं म्हटलंय. दुकानदाराने ७०० रुपये घेऊन काढली तर? इथे मला २०१६चा दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपीचा निकाल आठवला. पानामागे ४० पैसे घेऊन विद्यार्थ्यांना अभ्यासाच्या पानांचे संच करून देणाऱ्या दुकानाविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता. जे काम कायद्याच्या अपवादात बसतं ते कंत्राटदाराकडून करून घेतलं म्हणून बेकायदा होत नाही, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा एकूण रोख होता. पण तो अपवाद शिक्षणाचा होता, आपला बॅकअपचा. ताणून बसवलं तर बसतं, पण फौजदारीत ताणलेल्या गोष्टीवर भरवसा ठेवू नये. म्हणून मी साधा मार्ग सांगितला: पोराला त्याच्या लॅपटॉपसकट दुकानात बोलवा, काउंटरवर बसवा, कॉपी त्यालाच करू द्या. तुम्ही यंत्र जोडून द्या.

डिस्क पोराच्या दादाच्या असल्याने बिघडत नाही. कलम मालक विचारत नाही, कायदेशीर ताबा विचारतं. उद्या पोराने त्या नऊ डिस्क विकल्या, तर मात्र स्टिकवरच्या नऊ फाइलींचा पाया गेला. त्या पुसायला हव्यात.

आणखी एक शंका. गेम म्हणजे नुसता प्रोग्राम नसतो. त्यात चित्रं असतात, संगीत असतं, मध्ये चालणारे छोटे चित्रपट असतात. युरोपीय न्यायालयानेही २०१४च्या निन्टेन्डो विरुद्ध पीसी बॉक्स निकालात गेमला असंच मिश्र रचनेचं मानलं. मग प्रोग्रामचं बॅकअप-कलम त्यातल्या संगीताला कसं लागेल? मला याचं उत्तर आपल्या कायद्यातच सापडतं. जे प्रोग्राम नाही, त्याला ५२(१)(ए)ची खासगी वापराची सवलत आहे, आणि २०१२पासून ती कोणत्याही कृतीला लागू आहे. प्रोग्रामला एक कलम, बाकीच्याला दुसरं. दोन्ही मिळून गेम झाकला जातो. कोर्टात मी हा युक्तिवाद छाती ठोकून करीन.

कुलपाचं कलम

आता कस्टम फर्मवेअर. पीएसपी सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामवर सोनीची डिजिटल सही आहे का ते तपासते. नसेल तर चालवत नाही. कस्टम फर्मवेअर ही तपासणी ढिली करतं. मग दोन गोष्टी चालू लागतात. एक, होमब्रू, म्हणजे कंपनीच्या परवानगीशिवाय कोणा हौशी माणसाने लिहिलेले प्रोग्राम: पुस्तक वाचायचे, जुन्या यंत्रांची नक्कल करणारे, छोटे गेम. दोन, स्टिकवरचे आयएसओ. दार एकच, आत येणारे दोघे, आणि त्यातला एक कधी घरचा असतो तर कधी चोर.

पोराला होमब्रू खरोखर हवं होतं, हे मला नंतर कळलं. त्याने सी भाषेत गोट्यांचा एक गेम लिहिला होता, गल-गोट्यांचा, आणि तो दादाच्या यंत्रावर चालवून दाखवायचा होता. याहून स्वच्छ काम दुसरं नाही. गेम त्याचा, हक्क त्याचा. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवायला आवश्यक ते करायची मुभा ५२(१)(एबी) देतं. आणि फर्मवेअरमध्ये फेरफार म्हणजे प्रोग्रामचं रूपांतर; स्वतःच्या यंत्रावर, बिगरव्यापारी वापरासाठी, तेही (एडी)मध्ये येतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३वं कलम यंत्राच्या मालकाची किंवा ते ज्याच्या हवाली आहे त्याची परवानगी विचारतं. इथे ज्याच्या हवाली आहे तोच तर यंत्र घेऊन आला आहे.

पण अशा तपासणीसाठी, म्हणजे डिजिटल कुलपासाठी, स्वतंत्र कलम आहे: ६५ए, २०१२च्या दुरुस्तीत आलेलं. कायद्याने दिलेले हक्क जपण्यासाठी लावलेला परिणामकारक तांत्रिक उपाय जो कोणी ते हक्क भंग करण्याच्या उद्देशाने चुकवेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

मी 'उद्देशाने' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि कागद भाऊंकडे सरकवला. सगळा फरक त्या शब्दात आहे. अमेरिकेचा १९९८चा कायदा याहून कडक. तिथे हक्कभंगाचा हेतू असो-नसो, कुलूप उघडणंच गुन्हा होऊ शकतं, आणि कोणती कुलपं उघडायला हरकत नाही याची यादी दर तीन वर्षांनी नव्याने ठरते. २०१०मध्ये फोनला सूट मिळाली. २०१२मध्ये गेम कन्सोलसाठी तीच सूट मागितली, ती नाकारली. २०२१मध्ये कन्सोलला दिली ती एवढीच, की डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरतं कुलूप उघडा आणि काम झालं की पुन्हा लावा. आपल्या पोराचा ड्राइव्ह अमेरिकेत मेला असता, तर त्याला मेलेल्या यंत्रातली लेन्स शोधत हिंडावं लागलं असतं.

आपल्याकडे तसं नाही. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडलं तर ६५ए लागत नाही, असं त्याच कलमाचं दुसरं पोटकलम सांगतं. कुलूप उघडायची अवजारं बनवणं किंवा विकणं हा या कलमात वेगळा गुन्हाही नाही. 'तांत्रिक उपाय' म्हणजे नेमकं काय, याची व्याख्यासुद्धा कायद्यात दिलेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००५मध्ये प्लेस्टेशनच्या मॉडचिपच्या, म्हणजे कंपनीची तपासणी चुकवायला आत बसवलेल्या चिपच्या, खटल्यात असं ठरवलं होतं की सोनीचं कुलूप गेम चालवणं रोखतं, कॉपी करणं रोखत नाही, म्हणून ते त्यांच्या तेव्हाच्या कायद्यातला 'संरक्षण उपाय'च नाही. आपल्याकडे हा मुद्दा कोणी मांडला तर मला ऐकायला आवडेल.

मात्र भारतात सगळं मोकळं आहे असं समजू नका. २०१२मध्ये सोनीने प्लेस्टेशनमध्ये फेरफार करून देणाऱ्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावून अंतरिम मनाई मिळवली. त्याच्याही आधी, २००५मध्ये, आंध्र उच्च न्यायालयापुढे मोबाइलचं प्रकरण आलं. रिलायन्सच्या स्वस्त योजनेतले, त्यांच्याच नेटवर्कला बांधलेले हँडसेट टाटाच्या नेटवर्कवर चालावेत म्हणून आतली प्रोग्रामिंग बदलली गेली होती. कोर्टाने फसवणुकीची कलमं काढून टाकली, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६५ आणि कॉपीराइटचं ६३ यांखालचा तपास चालू ठेवला. फोन गिऱ्हाइकाच्या खिशात होता म्हणून सगळं माफ झालं नाही. तेव्हा ६५ए नव्हतं हे खरं. पण उद्देश शुद्ध असून भागत नाही, तो दाखवता यायला हवा.

दाखवायचा कसा? तेही ६५एमध्येच लिहिलंय, आणि माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात दुर्लक्षित ओळ तीच आहे. मनाई नसलेल्या कामासाठी दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाची पूर्ण नोंद ठेवावी: नाव, पत्ता, ओळख पटेल असे सगळे तपशील, आणि कोणत्या कामासाठी उघडून दिलं तो हेतू. म्हणजे कुलूप-किल्लीवाला जसा घराची चावी करून देताना, शहाणा असेल तर, कोणाचं घर ते विचारून ठेवतो, तसं कायद्याने डिजिटल किल्लीवाल्याला बंधनच घातलं आहे. बर्डीत, सदरला, धरमपेठेत मी ज्या ज्या दुकानांत या दिवसांत सहज डोकावलो, तिथे अशी वही एकाही ठिकाणी दिसली नाही. भाऊंना तर वाटलं मी थट्टा करतोय.

"सेकंडहँड मोबाइल घेताना ठेवतो तसं रजिस्टर?"

"तसंच. फक्त एक रकाना जास्त. कशासाठी."

आता ते वीस-पंचवीस गेम

हे सांगायला मला बरं वाटत नव्हतं, कारण भाऊंचा खरा धंदा त्यातच आहे. नुसत्या फर्मवेअरचे कोणी तीनशेच्या वर देत नाही. गेम 'भरून' दिले तर सातशे. दुकानात भरून ठेवलेल्या मेमरी स्टिक आणि हार्ड डिस्क विकायलाही लावलेल्या.

तिथे कोणतंही दार उघडं नाही. प्रत कायदेशीर प्रतीवरून नाही, वापर बिगरव्यापारी नाही, उद्देश हक्कभंगाचाच. कलम ६३: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. २०२२च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या हुद्द्याचा अधिकारी कलम ६४ खाली वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. घेणाराही सुटत नाही. हक्कभंगाची प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर ६३बी. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं, इतकाच दिलासा.

एमपीडीएची भीती मात्र मी काढून टाकली. त्या कायद्यात महाराष्ट्राने 'व्हिडिओ पायरेट' घातला हे खरं, पण ती व्याख्या चित्रपट आणि त्याच्या ध्वनिपट्टीभोवती फिरते. "त्याचं मनावर घेऊ नका. ६३ पुरेसं आहे."

बाहेर ज्यांना खरोखर तुरुंग घडला, त्यांच्याकडे पाहिलं तरी हेच दिसतं. निन्टेन्डोच्या यंत्रांची कुलपं तोडणारी अवजारं विकणाऱ्या टोळीतल्या गॅरी बाउझरला अमेरिकेत २०२२मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली. जॉर्ज हॉट्झ नावाच्या हॅकरने सोनीच्या पीएस३चं, म्हणजे प्लेस्टेशन ३चं, कुलूप फोडलं आणि किल्ल्या जाहीर केल्या. सोनीने २०११च्या जानेवारीत दावा लावला, तो काही महिन्यांत तडजोडीत मिटला. एकाने धंदा मांडला होता, दुसऱ्याने नाही.

"मंग गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात जाईल, साहेब."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उगाच दिलंही नाही. पण एक गोष्ट मला खटकते. २०२१च्या जुलैत सोनीने पीएसपीवरून खरेदी करायची उरलीसुरली सोयही बंद केली. पैसे घेऊन रांगेत उभं राहिलात तरी त्या यंत्रावरची खिडकी उघडत नाही, आणि कॉपीराइट आपल्याकडे मोजायचा तो ६० वर्षांच्या मापाने. खिडकी बंद झाली म्हणून भिंत फोडायची परवानगी कायदा देत नाही. देत नाही हे भाऊंना सांगणं माझं काम; हे बरं आहे असं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

वही

तिसऱ्या दिवशी आम्ही रकाने पाडले. तारीख. नाव, पत्ता, फोन. कोणतं ओळखपत्र पाहिलं. यंत्राचा क्रमांक. गिऱ्हाइकाने आणलेल्या डिस्क, नावानिशी. कशासाठी उघडलं. प्रत कोणी काढली. सही. बिलातही 'सॉफ्टवेअर' हा शब्द बंद. 'फर्मवेअर बदल, मजुरी' आणि 'बॅटरी' अशा वेगळ्या ओळी. भरलेल्या स्टिक भाऊंनी माझ्यासमोर पुसल्या. हार्ड डिस्कचं "बघतो" म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही, पण अटक झाली तर मला पहिला फोन करू नका, असं हसत सांगितलं. ते हसले नाहीत.

पोरगा शनिवारी लॅपटॉप घेऊन आला. नवी बॅटरी बसली, फर्मवेअर बसलं, त्याच्या गोट्या पडद्यावर घरंगळल्या. मग २०००च्या यंत्रात एकेक डिस्क. दोन डिस्कची कवचं तडकलेली होती. भाऊंनी चकत्या हलकेच काढून दुसऱ्या कवचात घातल्या. आठ प्रती निघाल्या. नववी डिस्क देसी अड्डा नावाच्या गेमची होती. २००९च्या सुमाराला सोनीने खास भारतासाठी काढलेला, विटीदांडू आणि कबड्डीचा गेम. लेन्स कुरकुरायची, कॉपी अर्ध्यात अडकायची. भाऊंनी चकती चष्म्याच्या फडक्याने पुसली, फुंकर मारली, तीन वेळा प्रयत्न केला. कडेला खोल चरा होता.

"काका, नेटवर हाय हा गेम," पोरगा म्हणाला. "दोन मिनिटांत उतरते."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की बॅकअप त्या चकतीवरूनच निघायला हवा, आणि ती चकती आता काही देत नाही. डिस्क चांगली असताना, दादा नागपुरात होता तेव्हा, ही प्रत काढली असती तर आज ती चालली असती.

"पण तेव्हा गरजच नव्हती ना," तो म्हणाला.

बरोबर होतं त्याचं. त्याने वही ओढली आणि 'कशासाठी' या रकान्यात लिहिलं: ड्राइव्ह बंद, दादाच्या डिस्क चालवायला आणि माझा गेम चालवायला. अक्षर इंजिनिअरिंगवाल्यांचं असतं तसं, वाकडं. भाऊंनी त्याखाली चष्मा वर करून स्वतःच्या हाताने भर घातली: डिस्क ९, प्रती ८.